मलमाचे वाटे

होडीचा वाटा

पाचूबंदरला वाट्याचा कायदा चर्चच्या घंटेइतका पक्का. होडी किनाऱ्याला लागली, मासळी वाळूत ओतली, की आधी होडीचा वाटा काढायचा, मग जाळ्याचा, मग तांडेलाचा, आणि मग दोरीला ज्याचा ज्याचा हात लागला त्या प्रत्येक खलाशाचा. खलाशी तापानं फणफणलेला असो की भांडून तोंड फिरवून बसलेला असो, त्याचा वाटा बाजूला पडायचाच. एकदा दर्यात वाहून आलेल्या साबणाच्या पेटीचेही असेच वाटे झाले होते, आणि कितीतरी दिवस गावातली कुत्रीसुद्धा गुलाबाच्या वासाची होती.

म्हणून अठ्ठावन्न साली हिलरीनं मलमाची ट्यूब आणली तेव्हा तिचं दुसरं काही होणं शक्यच नव्हतं.

हिलरी हा क्लेमेंटीनचा धाकटा भाऊ. आगबोटीवर स्वयंपाकी. त्याच्या काखेतली खाज बोटीवरच्या डॉक्टरनं या मलमानं दोन रात्रींत घालवली होती. परदेशी बंदरात उतरल्यावर त्यानं तीच ट्यूब विकत घेतली, कारण त्याला आपले भावोजी आठवले. इनास तांडेल. बोलता बोलता एक हात कमरेशी, चालता चालता एक हात मांडीशी. कमरेला गुंडाळलेला ओला सुरका, खारं पाणी, सकाळपासून सांजेपर्यंत होडी. कोळ्याला नायटा होतो यात नवल नव्हतं. नवल एवढंच की तो जात नव्हता.

"यात दोन औषधं हायेत," हिलरी म्हणाला. "एक सूज मारतं, दुसरं बुरशी मारतं. डॉक्टरनं स्वतः सांगितलं."

"माझ्या एकट्याच्या कमरेला लावू?" इनास म्हणाला. "खाजवते तर आख्खी होडी."

सगळे खलाशी अंगणात बोलावले गेले. तिसऱ्यांच्या धुतलेल्या शिंपा ओळीनं मांडल्या गेल्या आणि इनासनं ट्यूब पिळली, तीही अशी की कोणाच्या शिंपेत कणभर कमी नको. पहिली शिंप होडीची.

"होडीला कुठं खाज सुटली, तांडेल?" फर्डिनंडनं विचारलं. फर्डिनंड म्हणजे इनासच्या उजव्या हाताचा खलाशी आणि डाव्या हाताचा थट्टेखोर.

"होडीचा वाटा होडीचा," इनास म्हणाला. "खाज असो नसो."

होडी इनासची, जाळी इनासची. म्हणजे होडीची शिंप, जाळ्याची शिंप आणि तांडेलाची शिंप, तिन्ही क्लेमेंटीनच्या घरात, देव्हाऱ्याखालच्या कोनाड्यात येऊन बसल्या.


खलाशांचे वाटे

खाज गेली. इतकी झटकन गेली की माणसं ती शोधायला लागली. वर्षानुवर्षं सोबत असलेली बाई अचानक माहेरी गेल्यासारखं झालं. फर्डिनंड किनाऱ्यावर नाचला. हिलरी पुढच्या खेपेला मूठभर ट्यूब घेऊन आला, त्याच्या पुढच्या खेपेला आणखी. दर वेळी शिंपा, दर वेळी वाटे. थोडे दिवस लावलं नाही की खाज दुप्पट होऊन परतायची, आणि लावलं की परत गुपचूप. याला सगळे औषधाचा गुण म्हणत होते.


क्लेमेंटीनचा वाटा

मासळीची टोपली डोक्यावर घेऊन पाचूबंदरहून वसईच्या बाजारात जायचं म्हणजे टोपलीतलं पाणी चुंबळीतून झिरपून कानामागं, मानेवर, जबड्यावर ओघळत राहायचं. क्लेमेंटीनच्या डाव्या कानाखाली त्यानं एक गोल उठला होता. चवलीच्या नाण्याएवढा. कड लाल, मध्ये स्वच्छ.

होडीचा वाटा पडूनच होता. वाटा वाया घालवणं हे पाप कबुलीजबाबात सांगण्याइतकं मोठं. तिनं लावलं. गोल मावळला, आणि त्याच्या जागची कातडी शेजारच्या कातडीहून उजळ दिसायला लागली.

"काय गो, मडमीन व्हायला निघालीस काय?" बाजारात समोर बसणारी अर्नाळ्याची बायजा म्हणाली.

क्लेमेंटीन चाळिशीच्या पुढची. आजवर तिच्या रंगाबद्दल कोणी चांगलं बोललं नव्हतं. तिनं होडीचा वाटा संपवला आणि जाळ्याच्या वाट्याला हात घातला. आता गालाला, कपाळाला, नाकाच्या दोन्ही बाजूंना.

नाताळपर्यंत ती उजळली. नाताळनंतर जे झालं ते एका दिवसात झालं नाही. आधी उन्हात चेहरा पोळायला लागला. मग कातडी कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी झाली आणि तिच्याखाली बारीक तांबडे धागे दिसू लागले. तोंडाभोवती पुटकुळ्या आल्या, तिच्या लेकीच्या वयाच्या मुलींना येतात तशा. गालावर लव आली. जबड्यावर दोन पांढुरके डाग पडले. आणि तो जुना गोल, जो गेला होता, तो गेलाच नव्हता. कड पुसून, चोरासारखा, तो कानापासून नाकापर्यंत पसरला होता.

ती जितकं लावायची तितकं ते निवायचं. जितकं निवायचं तितकं दुसऱ्या दिवशी पेटायचं.


सासूचा वाटा

सासू वारली होती. तिचा वाटा म्हणजे बाजारातली जागा: विहिरीकडच्या रांगेत पहिली फरशी, जिथून येणारं गिऱ्हाईक आधी दिसतं. ती सासूच्या सासूकडून आलेली. क्लेमेंटीनकडून ती तिच्या लेकीकडं, मेरीकडं जायची होती.


बाजाराचा वाटा

बाजारात जागा कोणी हिसकावत नाही. शेजारणीची टोपली सरकते, एवढंच.

शेजारीण म्हणजे उर्सुला, फर्डिनंडची बायको. आधी तिची टोपली चार बोटं सरकली. मग वीतभर. मग एके दिवशी क्लेमेंटीन आली तेव्हा तिच्या फरशीवर उर्सुलाचे बोंबील आरामात पहुडले होते.

"तू आज येनार नाय असं वाटलं," उर्सुला म्हणाली.

"का वाटलं?"

उत्तर गिऱ्हाइकांनी दिलं. नेहमीचा पारशी बाबा तिच्या टोपलीपाशी थांबला, चेहरा पाहिला, आणि ऊन नसताना छत्री उघडून पुढं गेला. गासहून येणाऱ्या भाजीवाल्या बायका तिच्यापासून लांब बसू लागल्या. कोणी तरी तो शब्द उच्चारला. कोण, ते कधी कळलं नाही. असे शब्द माणसांच्या तोंडून येत नाहीत, विहिरीवरून येतात.

महारोग.

आता त्या बाजाराची रीत अशी की राखेच्या बुधवारी, उपासकाळाच्या पहिल्या दिवशी, जी बाई ज्या फरशीवर मासळी मांडते तिची ती फरशी वर्षभर. उपासकाळात मटण बंद, म्हणून खरा धंदा तिथूनच सुरू. त्या दिवशी फरशी रिकामी राहिली तर भांडण नाही, तंटा नाही, ती गेली.

"या वर्षी राहू दे," इनास म्हणाला. "बरी झालीस की मागून घेऊ."

"मागून घेतलेली फरशी तुमी कधी बघितलीय काय?" क्लेमेंटीन म्हणाली.


डॉक्टरचा वाटा

डॉक्टर कॉन्रॅड गावातलेच, मुंबईला शिकून आलेले. त्यांनी तिला खिडकीपाशी बसवलं, डोळे मिटायला सांगितले आणि कापसाच्या वातीनं गालाला हात लावावा तसा स्पर्श केला.

"कुठं?"

"डाव्या नाकपुडीशी."

मग टाचणी. पांढऱ्या डागावर.

"आई ग. जबड्यावर."

"छान. महारोगाच्या डागाला हे कळलं नसतं. आणि महारोग असता तरी आता गोळ्या आहेत, गाव सोडून पळायचे दिवस गेले. काय लावत होता?"

तिनं पदराच्या गाठीतून पिळून रिकामी झालेली ट्यूब काढली. डॉक्टरांनी ती उजेडात धरून वाचली.

"क्लेमेंटीनबाई, यातलं एक औषध सूज दाबतं. घरात चोर शिरला की कुत्रा भुंकतो ना? हे कुत्र्याचं तोंड बांधतं. शांत वाटतं. चोर आत खुशाल फिरतो."

"पन दुसरं औषध बुरशी मारतं म्हनून हिलरी..."

"मारतं. पण एका जातीची. नायट्याची जात वेगळी, तिला ते ओळखतसुद्धा नाही. म्हणजे नायटा वाढत राहिला, आणि पहिल्या औषधानं तुमची कातडी पातळ केली, रंग उडवला, पुटकुळ्या आणल्या. औषध वाईट नाही. बोटीवरच्या डॉक्टरनं हिलरीला थोडे दिवस दिलं, ते बरोबरच होतं. तुम्ही सहा महिने चेहऱ्याला चोपडलंत."

"मग आता काय लावू?"

"काही नाही. बंद करायचं. थंड पाण्याची घडी ठेवायची. आधी फार वाईट होईल, आत्ताच्या दुप्पट. सुजेल, जळेल. हात त्या शिंपेकडं जाईल. गेला तर सगळं पहिल्यापासून. नायट्याची गोल कड परत दिसली की माझ्याकडं या, मग त्याचं औषध देतो. ते झोंबेल."

"वाईट कधीपर्यंत?"

"ते माझ्या पुस्तकात नाही. हे मलमच नवीन आहे." त्यांनी दौत पुढं ओढली. "महारोग नाही अशी चिठ्ठी देतो, बाजारात दाखवा."

"बाजार चिठ्ठ्या वाचत नाय, डॉक्टर," ती म्हणाली. "ती टाचनी तेवढी परत एकदा दाखवा, कशी धरायची ती."


आधीच देऊन टाकलेला वाटा

चेहरा बरा झाला. ईस्टरनंतर केव्हा तरी आग ओसरली आणि कानाखाली तो जुना गोल पुन्हा उमटला, कड लाल, मध्ये स्वच्छ. डॉक्टर कॉन्रॅड तो पाहून इतके खूश झाले की त्यांनी बायकोला हाक मारून दाखवला. झोंबणाऱ्या पिवळट मलमानं तो गेला, खरोखर गेला. तांबडे धागे थोडे राहिले, पांढरे डाग पुढच्या वर्षी भरले.

हे आता सांगितलं कारण ज्याला चेहऱ्याची काळजी आहे त्यानं ती सोडावी. राखेचा बुधवार ईस्टरच्या कितीतरी आधी येतो. त्या बुधवारी चेहरा बरा व्हायला लागलेलाही नव्हता. तो तेव्हा सर्वांत वाईट होता.


जळणारा वाटा

मलम बंद केलं आणि चेहरा चुलीवर ठेवल्यासारखा झाला. पापण्या सुजल्या. हसलं तर कातडी तडकायची, म्हणून ती हसली नाही. रडलं तर आसवं मिठासारखी झोंबायची, म्हणून रडलीही नाही. कोनाड्यात तांडेलाची शिंप होती, तिच्या हिशेबानं अजून भरलेली. एक बोट फिरवलं की सगळं थंड.

भर दुपारी तिचा हात गेलाच. शिंप रिकामी होती.

"अवो," तिनं हाक मारली.

इनास मागच्या दारी जाळं विणत होता. तो उठेना. तिनं जवळ जाऊन पाहिलं तर सुरक्याच्या काठाशी कमरेला दोरीनं कापल्यासारखी एक ओली रेघ. तिनं विचारलं नाही, सरळ काठ खाली ओढला. कमरेखाली तेच सगळं: पांढरे डाग, लाल पट्टा, मांडीच्या सांध्यात फाटलेल्या कापडासारखे वळ.

"दोरी घासली," इनास म्हणाला.

"दोरी आज घासायला लागली काय? जन्मभर घासतेय. कातडी पातळ झाली तुमची."

इनास खाली मान घालून सुतळीला गाठ मारत राहिला. मग म्हणाला, "सगळ्यांचं तसंच हाय. फर्डिनंडला तर बसवत नाय. पन कोनी कोनाला बोलायचं नाय असं ठरलंय."

"बरं हाय," क्लेमेंटीन म्हणाली. "तुमची झाकायची जागा, तुमी झाकली. माजं तोंड हाय." तिनं रिकामी शिंप मागच्या दारातून खाजणात भिरकावली. "उद्या हिलरीकडून नवीन वाटे आले तर आधी मला सांगा. मी पन वाटे करीन, एकेकाच्या डोक्यावर."

त्या दिवशी तिनं दुसऱ्यांदा हात पुढं केला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही.


राखेचा बुधवार

पहाटेच्या मिस्सेला ती रांगेत उभी राहिली. मागची बाई रांग बदलून गेली. फादरनं इतरांच्या कपाळाला लावला तसा राखेचा क्रूस तिच्याही कपाळाला लावला, आणि ती राख निखाऱ्यासारखी लागली. तिनं हूं की चूं केलं नाही. बाहेर येऊन चुंबळ ठेवली, चुंबळीवर टोपली. आज टोपलीत सरंगे होते.

बाजारात सगळ्या कॅथलिक बायकांच्या कपाळावर तोच करडा क्रूस. विहिरीकडच्या रांगेत पहिल्या फरशीवर उर्सुलाची टोपली मधोमध.

"उर्सुला, टोपली सरकव."

"घरी जा गो बाय," उर्सुला म्हणाली. आवाज वाईट नव्हता. "लोकांना मासळी खायची हाय. तुजं हे बघून कोन घेईल? आमचा पन धंदा बुडेल."

"मला काय झालंय, ते नाव घेऊन सांग."

"आजच्या दिवशी नाव कशाला घेऊ?"

"मग मी घेते. महारोग."

सुऱ्या थांबल्या. कोळंबी सोलणाऱ्या हातांत कोळंबी तशीच राहिली.

"बायजा, तुझ्या टोपलीत पाला मासा हाय ना? त्याचा एक काटा काढून आन."

बायजा काटा घेऊन आली, आणि का ते न विचारता आली, कारण बायजाला तमाशा आवडायचा. क्लेमेंटीननं पदर डोळ्यांवर बांधला आणि फरशीच्या कडेला मांडी घालून बसली.

"महारोगाच्या डागाला टोचलेलं कळत नाय, हे तुमा सगळ्यांना ठाऊक हाय. टोच. वाटेल तिथं. मी बोलते कुठं ते."

बायजानं टोचलं.

"डावा गाल."

"खरं," बायजा म्हणाली.

"जबडा. पांढऱ्या डागावर."

"खरं."

"कानाखाली. अगो हळू, पाला नाय मी."

गाभोळी चिवडणारी एक म्हातारी फिसकन हसली. बायका उठून जवळ आल्या. बायजानं मान वाकडी करून काटा नुसताच हवेत धरला.

"आता कुठं, बाय?"

"आता कुठंच नाय. आता तू बगळ्यासारखी एका पायावर उभी हायस."

बायजा खरंच एका पायावर उभी होती; कोणाची खोडी काढताना ती नेहमी तशीच उभी राहायची. आता पाचजणी हसल्या. क्लेमेंटीननं पदर सोडला.

पण उर्सुलाची टोपली हलली नव्हती. "काटा कळला, बरं झालं," ती म्हणाली. "मग हे डाग कसले? हे लाल कसलं? काय तरी हायच ना?"

"हाय. मलमाचं हाय. हिलरीनं आनलेल्या." क्लेमेंटीन सावकाश बोलत होती, कारण भरभर बोलायला ओठ वळत नव्हते. "ज्याला ज्याला त्याचा वाटा मिळाला त्याला त्याला हाय. माजे डाग तोंडावर, म्हनून बाजाराला दिसले. बाकीच्यांचे सुरक्याखाली." ती थांबली. "इनासच्या होडीवर कोनाचा वाटा कधी चुकलाय काय, उर्सुला? तूच सांग. फर्डिनंडची शिंप तूच घरी नेलीस."

रांगेतल्या ज्या ज्या बाईचा नवरा इनासच्या होडीवर होता, ती ती एकाच वेळी खाली वाकून आपल्या मासळीवर पाणी शिंपडू लागली. कधी कोणी मासळीवर इतकं पाणी मारलं नसेल.

बायजाचं लक्ष त्या वाकलेल्या पाठींकडं गेलं. तिनं एक मोजली, दुसरी मोजली, आणि मग तिला हसू आवरेना.

"अगो, आख्खी होडीच हाय गो यात. आमच्या अर्नाळ्याला साथ येते ती घराघरांत येते, तुमच्यात वाट्यानं येते."

तिथून बाजार फुटला. भाजीवाल्या हसल्या, गाभोळीवाली म्हातारी खोकेपर्यंत हसली, आणि पाणी शिंपडणाऱ्या बायकाही वाकल्या वाकल्या गदगदू लागल्या. एकजण म्हणाली, "तरी मी बोलते, हा आडवा झाला की पालथाच का झोपतो." दुसरी म्हणाली, "आमचा तर उभ्यानं जेवतो." क्लेमेंटीनला हसायची सोय नव्हती. ती तडकलेल्या चेहऱ्यानं, सरळ बसून, सगळ्यांकडं पाहत राहिली, आणि आतून तिला वाटलं की सासूच्या सासूपासून या फरशीवर इतकं ताठ कोणी बसलं नसेल.

उर्सुलाची टोपली सरकली. कोणी हात लावला नाही. उर्सुलानंच ती उचलली आणि आपल्या फरशीवर ठेवली. क्लेमेंटीननं सरंगे मांडले, मोठे पुढं, डोकी एका बाजूला.

थोड्या वेळानं उर्सुला तिच्याकडं न बघता म्हणाली, "फर्डिनंडला रातभर जळतं गो. लावलं की थांबतं. नाय लावलं की रडतो. एवढा मोठा बाप्या."

"लावू देऊ नको."

"मग?"

"मग अजून जळेल. थंड पान्याची घडी ठेव. शिव्या देईल, त्या खा. आन शुक्रवारी सगळ्यांना डॉक्टर कॉन्रॅडकडे पाठवू. वाट्यानं नाय, एकेकाला आत."

"तुला लई जळतं?"

"आता तू बोलायला लावतेस ना, तेव्हा जास्त."

पहिलं गिऱ्हाईक किल्ल्याकडून आलं, मग चर्चमधून सुटलेली माणसं आली, मग पारशी बाबा आला. त्यानं छत्री मिटली, क्लेमेंटीनच्या चेहऱ्याकडं बघितलं, समोर अजून हसत असलेल्या बायजाकडं बघितलं, आणि काही तरी आपल्याला कळलं नाही एवढं कळून मोठा सरंगा उचलला. ऊन वर आलं. ते थेट पहिल्या फरशीवर पडतं. गालाची आग कानात भिनली, डोळ्यांत पाणी आलं, ते झोंबलं. ती उठली नाही. पदर पुढं ओढला आणि सरंगे विकत राहिली, शेवटचा जाईपर्यंत.

त्या बाजारात जिची मासळी आधी संपते ती टोपली उपडी घालते आणि तिच्यावर चढून बसते, साऱ्या रांगेच्या वर. क्लेमेंटीननं टोपली उपडी घातली. चढून बसली. घरी जाऊन थंड पाण्यात तोंड बुडवायला जीव आसुसला होता, पण रांगेकडं वरून पाहताना तिचा पाय निघेना. शेजारी उर्सुलाचे बोंबील अर्धे उरले होते आणि गिऱ्हाईक पुढं निघालं होतं.

"ओ ताई, कुठं चाललात?" क्लेमेंटीननं वरून हाक दिली, आणि ओठ तडकला तरी पुरी दिली. "बोंबील बघा हिचे. आत्ता होडीतून उतरलेत. या हिकडे, पहिल्या रांगेत या."